मशीनला पाय

मायटर सॉ घ्यायचा म्हटलं की माणूस चार दुकानं फिरतो. पातं किती इंची, मोटर किती वॉटची, सर्व्हिस सेंटर कुठे, सगळं विचारून घेतो. मग ते मशीन घरी आणतो आणि जमिनीवर ठेवतो. पुढची आठ-दहा वर्षं मशीन जमिनीवर आणि माणूस त्याच्यासमोर उकिडवा. स्टँड हा शब्द खरेदीच्या यादीत येतच नाही.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लोखंडी-ॲल्युमिनिअमच्या बैठकीवर एक गोल पातं, ते हँडलला धरून खाली ओढायचं. बैठक फिरवली की पातं तिरकं होतं, त्यामुळे ४५ अंशाचा कट अचूक मिळतो. खिडकीच्या चौकटीचे कोपरे, फोटोफ्रेमचे कोपरे, पीओपीच्या पट्टीचे कोपरे, सगळे याच कटावर जुळतात. आपल्याकडे सुतारांपेक्षा स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे ते जास्त दिसतं आणि बहुतेक जण त्याला नुसतं 'कटर' म्हणतात. सातपूरमधल्या अशा कुठल्याही गाळ्यात डोकावा. दारातच जमिनीवर कटर, भोवती चांदीसारखा चकाकणारा कीस, आणि सेक्शनवर पाय दाबून बसलेला एखादा पोरगा.

तो पाय मला आधी दिसतो. दहा इंची पात्याचा परीघ साधारण ८० सेंटिमीटर. मिनिटाला ४,५०० फेरे धरले तर पात्याचा दात ताशी २१६ किलोमीटर वेगानं फिरत असतो. त्याच्यापासून वीतभर अंतरावर रबरी चपलेतला अंगठा. क्लॅम्प मशीनसोबत मिळतो, पण तो सहसा खोक्यातच राहतो, कारण खाली बसलेल्या माणसाला पाय हाच सगळ्यात जवळचा क्लॅम्प असतो. उभं राहून काम केलं तर पाय आपोआप बाजूला होतो. म्हणून स्टँडला लोक आरामाची वस्तू समजतात ते मला पटत नाही.

माझ्या धाकट्या भावाचा हा धंदा आहे. अशोकनगरजवळ भाड्याचा गाळा, हाताखाली दोन मुलं, आणि हिशेबाला मी. चौदा वर्षं तो कटरपुढे उकिडवा बसला. आता वय एकोणचाळीस. गेल्या रमजानपासून तो मशिदीत मागच्या रांगेत, म्हाताऱ्यांबरोबर खुर्चीवर बसून नमाज पढतो, कारण सजद्यातून उठताना गुडघा साथ देत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक वाक्य सांगितलं : उकिडवं बसणं बंद. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "आपा, हे म्हणजे धंदा बंद करा सांगितल्यासारखंच झालं."

मी म्हटलं, धंदा कशाला, मशीन वर उचलू. त्या महिन्यात माझी बीसी लागली होती. त्यातले सहा हजार मी या कामासाठी बाजूला काढले. त्यापेक्षा जास्त शक्यच नव्हतं.

पहिल्यांदा अर्थातच मोठ्या कंपन्यांचे स्टँड पाहिले. वस्तू सुंदर असते, यात वाद नाही. मधे ॲल्युमिनिअमचा जाड दांडा, दुमडणारे चार पाय, दोन्ही बाजूंना बाहेर ओढता येणारे हात, आणि मशीन एका खटक्यात बसवायचे ब्रॅकेट. डीवॉल्टच्या मोठ्या स्टँडची क्षमता ५०० पौंड आहे, म्हणजे जवळजवळ २२७ किलो, आणि हात ओढले की १६ फुटांपर्यंतचा माल पेलतो. आमचं मशीन पंधरा किलोच्या आतलं. इतकी क्षमता कशासाठी, असा प्रश्न पडला, पण त्याचं उत्तर पुढे मिळालं. अडचण किमतीची होती. ती मशीनच्याच किमतीच्या घरात जात होती.

दुकानदार म्हणाला, नो कॉस्ट ईएमआय करून टाका, व्याज शून्य. भावानं लगेच हात जोडले. आमच्या घरात सूद घ्यायचा नाही, द्यायचाही नाही, हा अब्बांच्या वेळेपासूनचा नियम आहे आणि तो पाळताना बरीच गैरसोय होते. पण या शून्य व्याजाबद्दल धर्म बाजूला ठेवून, नुसत्या हिशेबानंही बोलता येतं. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते. कार्डावरच्या अशा हप्त्यात होतं असं की बँक व्याज लावते, तेवढीच सूट दुकानदार किमतीत देतो आणि दोन्ही एकमेकांत वजा होतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपण भरतो. काही ठिकाणी वर प्रोसेसिंग फीही असते. रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती गेली, हे कुणी बोलतच नाही. तेव्हा भावाचा नकार मला दोन्ही खात्यांत बरोबर वाटला.

मग मोबाइलवर दिसणारे बिननावाचे स्टँड. पाच-सहा हजारांत मिळतात, फोटोत अगदी कंपनीच्या स्टँडसारखे. त्यातला एक भावाच्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्याकडे होता, तो आम्ही जाऊन पाहिला. खोक्यावर क्षमता १५० किलो लिहिलेली. तेवढं वजन कदाचित पेललंही असतं. पण हँडल खाली ओढून सोडलं की पूर्ण स्टँड पुढे-मागे डुलत होता. पाय पातळ पत्र्याचे, आणि पाय उघडे धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाचं भोक आधीच लांबुळकं झालेलं. वजन पेलणं वेगळं आणि हलू न देणं वेगळं, हे त्या दिवशी हाताला कळलं. कटरचं डोकं वर असताना त्याचा भार मागे असतो, खाली ओढलं की पुढे येतो. दिवसातून तीनशे वेळा हा झोका. कंपन्या २२७ किलो लिहितात ते या झोक्यासाठी. जड माल ठेवायला म्हणून कुणी ते घेत नाही.

त्या स्टँडचा आणखी एक दोष आमच्या कामापुरता. बाजूच्या हातांवर रोलर होते. लाकडाची जड फळी पुढे सरकवायला रोलर उत्तम. ॲल्युमिनिअमची सेक्शन हलकी आणि गुळगुळीत, ती रोलरवर स्वतःहूनच सरकते. माप धरून ठेवलेली सेक्शन अर्धा मिलिमीटर सरकली की कोपरा गेला.

आता खरी गोष्ट. स्टँड मशीनसाठी असतो असं आपल्याला वाटतं, पण त्याचं निम्म्याहून जास्त काम लांब मालासाठी असतं. आमच्या सेक्शन १२ ते १६ फुटांच्या येतात. मशीनची बैठक दीड-दोन फुटांची. बाकीचा माल हवेत. बाहेर लटकणारी लांबी दुप्पट झाली की स्वतःच्या वजनानं पडणारा झोल सोळा पट होतो, त्यामुळे चार फुटांना न दिसणारा वाक आठ फुटांना ठळक दिसतो. जमिनीवर काम करणारे खाली लाकडाचे तुकडे, विटा, टाइलचे तुकडे सरकवून उंची जुळवतात. अंदाजानं. समजा पात्यापासून एक मीटरवर आधार एक सेंटिमीटर खाली राहिला. सेक्शन अर्ध्या अंशाहून थोडी जास्त कलली. उभ्या तीन इंची सेक्शनला त्या कटात पाऊण मिलिमीटरचा फरक येतो. समोरच्या तुकड्यालाही तसाच आला तर कोपऱ्यात दीड मिलिमीटरची फट.

दीड मिलिमीटर म्हणजे काय ते पावसाळ्यात कळतं. सातपूर नाशिकच्या पश्चिम अंगाला, त्र्यंबकच्या वाटेवर. पाऊस तिकडूनच येतो आणि वाऱ्यासकट येतो. फटीत सिलिकॉन भरून खिडकी दिली जाते, ग्राहकाला कळत नाही. दोन उन्हाळे गेले की सिलिकॉन सुटतं आणि जुलैत फोन यायला लागतात. आमच्या वहीत 'लिकेज' या नावाचा वेगळा खर्च आहे. कामगाराची हजेरी, पेट्रोल आणि ग्राहकाचं ऐकून घेणं, यातलं शेवटचं लिहिता येत नाही. हा खर्च मी वर्षभराचा बेरीज करून भावाला दाखवला तेव्हा स्टँडवरचे सहा हजार त्याला एकदम स्वस्त वाटू लागले. गुडघ्यासाठी तो इतका सहज तयार झाला नसता.

बाजारात परवडणारं बसत नाही आणि बसणारं परवडत नाही, मग बनवून घ्यायचं ठरलं. आणि बनवून घ्यायला सातपूरपेक्षा चांगली जागा कोणती? १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग इथे वसाहत उभी राहिली. महिंद्रा आली, मायको आली. मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात. बॉशचे कटर सगळ्या दुकानांत असतात, पण सातपूरच्या कारखान्याची ओळख डिझेल इंजिनाच्या इंजेक्टर-नोझलची. या मोठ्या कंपन्यांच्या भोवती शेकडो छोटे गाळे वाढले, आणि त्या गाळ्यांनी या गावाला एक विद्या शिकवली, ती म्हणजे जिग आणि फिक्स्चर. वस्तू दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात कशी बसेल याची सोय करून ठेवणं. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

शेजारी एक काका राहतात, एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांना भावानं कागदावर टेबल काढून दाखवलं. चार पाय, वर फळी. काकांनी कागद उलटा केला.

"आधी मला सांग, जिना किती रुंद आहे?"

भाऊ गप्प. काका म्हणाले, "तू गाळ्यात बसून खिडक्या करतोस की साइटवर?"

खरं तर दोन्हीकडे. पण निम्मं काम साइटवर, आणि साइट म्हणजे गंगापूर रोडकडची नवी बांधकामं, जिथे लिफ्टचा नुसता खड्डा असतो. तिसऱ्या मजल्यावर सगळं खांद्यावरून जातं. काकांचं म्हणणं असं की एकसंध टेबल पहिल्या आठवड्यात वर जाईल, दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल, तिसऱ्या आठवड्यात मशीन पुन्हा जमिनीवर. म्हणून त्यांनी सुटे भाग सुचवले : दोन घडीच्या घोड्या, त्यावर दोन लांब दांडे, दांड्यांवर मशीनची प्लायची पाटी. एकही भाग सात किलोच्या वर नको.

घोडी हा सुतारांचा जुना प्रकार आहे, नवीन काही नाही. दोन चौकटी वर बिजागरीनं जोडायच्या, खाली साखळी, की उलटा व्ही उभा राहिला. आम्ही २५ मिलिमीटरचा चौकोनी एमएस पाइप घेतला. पायांसाठी १६ गेज आणि आडव्या पट्ट्यांसाठी १८ गेज. १६ गेजचा पाइप मीटरला जवळजवळ १.१८ किलो भरतो, १८ गेजचा ०.९ किलो. वीस फुटी दोन नग घेतले, दोन्ही मिळून साडेबारा किलोच्या आसपास. एका नगातून २९ इंचाचे आठ पाय निघाले, दुसऱ्यातून आडव्या पट्ट्या. जवळपास काहीच वाया गेलं नाही, याचा मला विशेष आनंद झाला. सगळंच १६ गेजमध्ये करा, मजबूत होईल, असा वेल्डरचा आग्रह होता. मजबूत झालं असतं, पण तिसऱ्या मजल्यावर गेलं नसतं.

दांडे मात्र लोखंडाचे नकोत, हे भावाचं डोकं. गाळ्यात ३ बाय १ इंचाचा ॲल्युमिनिअम पाइप पडून होता. ॲल्युमिनिअम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं असतं, पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच, हे विसरून चालत नाही. म्हणून पाइप आडवा न ठेवता उभा ठेवला. तोच पाइप उभा ठेवल्यावर आडव्याच्या जवळजवळ सहा पट कमी वाकतो, आणि किंमत तीच. आठ फुटांचे दोन दांडे, दोन्ही मिळून चार किलोच्या आत. घोडीच्या माथ्यावर त्यांच्यासाठी खाचा केल्या, दांडे त्यात बसतात आणि हलत नाहीत.

उंचीवर सगळ्यात जास्त वाद झाला. वेल्डर म्हणाला, स्वयंपाकाचा ओटा असतो तेवढी करा. भाऊ म्हणाला कमरेइतकी. काकांनी त्याला भिंतीला टेकवून उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि टेपनं मोजलं : ४१ इंच. माल कोपराच्या चार-पाच इंच खाली असला की हँडल ओढताना खांदा वर जात नाही आणि वाकावंही लागत नाही. म्हणजे मालाची उंची ३६ इंच. त्यातून मशीनच्या बैठकीचे ४ इंच, प्लायचा पाऊण इंच आणि दांड्याचे ३ इंच वजा केले की घोडीची उंची मिळते. स्टँड विकत घेणारे नेहमी स्टँडची उंची मोजतात. मोजायची असते ती मालाची, मशीन वर ठेवल्यानंतरची.

साइटवरची फरशी कधी सपाट नसते, बऱ्याचदा फरशीच नसते. चार पायांचं काहीही अशा जागी डुलतं, तिपाई डुलत नाही. पण तिपाई बाजूच्या धक्क्यानं उलटते. काकांनी मधला मार्ग काढला : प्रत्येक घोडीच्या एका पायाला खाली नट वेल्ड करून त्यात बोल्ट. बोल्ट फिरवला की तो पाय जमिनीला टेकतो. खाली सगळ्यांना रबरी बूट. मशीन प्लायला चार बोल्टांनी बांधलं, नट नायलॉक, कारण साधा नट या थरथरीनं आठवड्यात सैल होतो. बाजूच्या आधारासाठी रोलर न लावता प्लायचे ठोकळे केले, उंची मशीनच्या बैठकीएवढी, दांड्यावर हवे तिथे सरकवायचे आणि घट्ट करायचे. सेक्शन दाबायला दोन टॉगल क्लॅम्प. ते कार्बन नाक्याकडच्या एका भंगारवाल्याकडे मिळाले, कुठल्यातरी मोडलेल्या फिक्स्चरवरचे. तेल दिल्यावर नव्यासारखे चालले.

हिशेब असा. पाइप ९३०, वेल्डिंगची मजुरी १,०००, बिजागऱ्या-साखळी-बोल्ट ४२०, रबरी बूट १६०, क्लॅम्प २००, रंग १९०. ॲल्युमिनिअम घरचं होतं, पण घरचं म्हणजे फुकट नव्हे. भंगारात दिलं असतं तर सातशे आले असते, म्हणून ते ७०० मी लावलेच. प्लायचा तुकडा खरोखर टाकाऊ होता. एकूण ३,६००. काकांना पैसे विचारायची हिंमत झाली नाही, अम्मीनं शीरखुर्मा पाठवला. ईद नव्हती तरी. उरलेल्या २,४०० मधून ॲल्युमिनिअमसाठी बारीक दातांचं नवं पातं आणलं, कारण बोथट पातं असलं तर कुठलाही स्टँड कट सुधारत नाही.

चाचणी भावानं त्याच्या पद्धतीनं घेतली. आधी तो स्वतः मधोमध बसला, अडुसष्ट किलो. मग पाण्याची नळी लावून दोन्ही टोकांची पातळी पाहिली. शेवटी मशीनच्या बैठकीवर पाच रुपयांचं नाणं उभं करून मशीन चालू केलं. नाणं पडलं. काका म्हणाले, पडणारच, ती मोटर आहे, तसबी नाही. पण हँडल ओढून सोडल्यावर घोड्या जागच्या हलल्या नाहीत, ते महत्त्वाचं.

आता चार महिने झाले. गुडघ्याबद्दल मी काही दावा करत नाही. चौदा वर्षांचं चार महिन्यांत फिटत नाही. 'लिकेज'चं पान पावसाळ्यात पाहू. दोन मुलांपैकी धाकटा पहिल्याच दिवशी उभा राहून काम करायला लागला. मोठा मुलगा अजून भाऊ नसला की मशीन पाटीसकट खाली उतरवतो. बसल्याशिवाय कट सरळ येतच नाही असं त्याला वाटतं, आणि त्याचे कट खरंच सरळ असतात, त्यामुळे वाद घालणं अवघड जातं. भावानं शेवटी एवढंच केलं की क्लॅम्प पाटीलाच पक्के ठोकले. खाली बसलास तरी पाय लावायचा नाही.

उणिवा आहेत. आठ फुटी दांड्यांवर १६ फुटी सेक्शनचं टोक अजूनही लटकतं, त्यासाठी तिसरी एकेरी घोडी लागणार. बिजागरी दाराची वापरली, ती आत्ताच खुळखुळायला लागली आहे. शेजारच्या गाळ्यातल्या दोघांनी असाच स्टँड करून मागितला तेव्हा वेल्डर लगेच तयार झाला होता, पण काकांनी त्याला थांबवलं. बिजागरीऐवजी बुश आणि पिन टाकायची, आठ मिलिमीटरची, आणि ती लेथवर करून घ्यायची, मगच दुसरा नग. पिन करणारा गाळा महिंद्रा सर्कलच्या अलीकडे आहे, उद्या संध्याकाळी जायचं आहे.